रेडिओआयोडीनच्या आधी दोन आठवडे मीठ पूर्ण सोडायचं का?

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, पुढच्या महिन्यात रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा, डोस आहे, तोवर मीठ बंद करायचं का आणि मग खायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

मीठ बंद करू नका. बंद करायचंय ते आयोडीन. आयोडीन न मिसळलेलं मीठ चालतं आणि ते नेहमीसारखं खा. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची रोजची गोळी, डोसआधी थांबवलेली असताना मीठही तोडलं, तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं, वय जास्त असेल तर फारच जपायला हवं. समुद्री मीठ मात्र नको. आमच्या घरी बहिणीने माझ्या मिठाच्या बरणीला चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात ‘हेच’ असं लिहिलं होतं. दुसरी बरणी तिने वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली. घरात दोन मिठं असली की घाईत चूक होतेच.

हे सगळं कशासाठी, ते कळलं की पथ्य सोपं जातं. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. ऑपरेशननंतर मागे उरलेल्या पेशीही तेच करतात, आणि आयोडीन साधं आहे की किरणोत्सारी, हे त्यांना ओळखता येत नाही. एक-दोन आठवडे त्यांना उपाशी ठेवलं, की डोसमधलं आयोडीन-१३१ त्या जास्त प्रमाणात आत घेतात. एरवी मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, या दिवसांत ते ५० च्या खाली ठेवायचं असतं.

मासे आणि समुद्रातलं काहीही नको, हे सगळे सांगतात. दूध आणि दुधाचे पदार्थ का नकोत, हे मला आधी कळेना. गुरांच्या खाद्यात आयोडीन असतं, सड धुवायच्या औषधातही असतं, ते दुधात उतरतं. अंड्याचा पिवळा बलक नको, पांढरा भाग चालतो. विकतच्या पावाच्या पिठात कधी कधी आयोडेट, म्हणजे आयोडीनचा क्षार, घालतात. बाहेरच्या जेवणात कोणतं मीठ आहे ते कळत नाही, म्हणून तेही नको. ताजी फळं, भाज्या, भात, बटाटा, तेल, साखर, बिनमिठाचे दाणे यांवर दोन आठवडे नीट निघतात. लाल रंगाकडे लक्ष ठेवा. एरिथ्रोसिन, म्हणजे वेष्टनावरचा ई१२७, या रंगात आयोडीन असतं आणि तो काही गोळ्या-कॅप्सूलमध्येही असतो. मल्टिव्हिटॅमिन आणि जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन यांचीही चौकशी करा. पण रोजचं कुठलंही औषध डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

मला खरा फटका मात्र सीटी स्कॅनमुळे बसला. दुसऱ्या एका आजारासाठी थोड्याच दिवसांपूर्वी माझा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी झाला होता. ते मला कुणी विचारलं नाही आणि सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. त्या कॉन्ट्रास्टमध्ये कित्येक ग्रॅम आयोडीन असतं. एका ग्रॅमचे दहा लाख मायक्रोग्रॅम होतात, त्यापुढे माझं नऊ दिवसांचं पथ्य काय पुरणार? लघवीच्या तपासणीत आयोडीन जास्त निघालं आणि तारीख पुढे गेली. शरीरातून ते जायला साधारण एक-दोन महिने लागतात. त्या दिवशी मी खूप रडले.

डोसआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना आयोडीन ओढायला लावणारं संप्रेरक, वाढवावं लागतं आणि ते दोन प्रकारे करतात. एक तर थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे थांबवून टीएसएच ३० च्या वर जाऊ देतात, किंवा लागोपाठ दोन दिवस टीएसएचचं इंजेक्शन देऊन तिसऱ्या दिवशी डोस देतात. माझी गोळी थांबवली होती. तिसऱ्या आठवड्यात सकाळी कपड्यांची बटणं लावायलाही वेळ लागायचा, बोटं जड, थंडी सतत, आवाज घोगरा. तुमचंही असंच ठरलं, तर त्या दिवसांत गाडी चालवू नका आणि महत्त्वाची कामं आधी उरकून घ्या. इंजेक्शनचा पर्याय आपल्याला लागू आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

बाई असाल तर डोसआधी गर्भ नसल्याची तपासणी होते, आणि अंगावर पाजत असाल तर ते किमान सहा आठवडे आधी बंद करावं लागतं. डोसनंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, संडासात फ्लश दोनदा करायचा. किती दिवस, ते तुमच्या डोसवर ठरतं. पथ्य बहुधा डोसनंतर एक-दोन दिवसांत सुटतं, पण कधी सोडायचं हे तिथेच विचारून घ्या.

आज एवढंच करा: गेल्या काही महिन्यांतले सगळे स्कॅनचे कागद काढा, कुठे ‘कॉन्ट्रास्ट’ लिहिलंय का बघा, आणि असेल तर पथ्य सुरू करण्याआधी न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे हा डोस देणाऱ्या, डॉक्टरांना ती तारीख कळवा.