टोकियोत पायी फिरायला एकच दिवस असेल तर काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की टोकियोत एकच मोकळा दिवस आहे, सोबत साठीपुढचे आईवडील आहेत, तर शिबुया, टॉवर, राजवाडा आणि जुनी देवळं एका दिवसात पायी कशी बसवायची? नाही बसणार. अर्धा दिवस स्टेशनांचे जिने चढण्या-उतरण्यात जाईल आणि संध्याकाळी घरचे तुमच्याशी बोलणार नाहीत. त्यापेक्षा शहराचा एकच तुकडा धरा, असाकुसा ते निप्पोरी. मी दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आईला घेऊन हेच केलं. रमतगमत दहाएक किलोमीटर झाले.

सकाळी सातला असाकुसातल्या सेन्सोजी देवळात पोचा. दहानंतर तिथे आपल्या गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते. इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, मूर्ती आली, अशी इथली कथा. मुख्य देऊळ मात्र १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १९५८ साली पुन्हा उभं राहिलं, त्यामुळे ‘चौदाशे वर्षं जुनं’ ऐकून फार भारावून जाऊ नका. पुढ्यात धुपाचं मोठं पात्र आहे. लोक तो धूर ओंजळीने दुखऱ्या भागावर ओढून घेतात. आईला कुणी काही सांगावं लागलं नाही. आरती घ्यावी तसा तिने धूर घेतला आणि दोन्ही गुडघ्यांवर हात फिरवला. शंभर येनला भविष्याची चिठ्ठी मिळते. माझी वाईट निघाली. ती तिथल्याच तारांना बांधून यायची, म्हणजे वाईट तिथेच राहतं. सोय चांगली आहे.

आता जे बहुतेक जण चुकवतात ते. देवळापासून दहा मिनिटांवर, नदीच्या अंगाला, एका टेकाडावर माचुचियामा शोदेन आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेला. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही. आणि नैवेद्य? मुळा! पांढराशुभ्र, हातभर लांबीचा. तिथेच विकत मिळतो. भिंती-पायऱ्यांवर सगळीकडे एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांचं चिन्ह. आई म्हणाली, “अगंबाई, याला मोदक कुणी दाखवलेच नाहीत का रे?” वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून ठेवले होते, त्यातला एक तिने पिशवीत घातला. तो दिवसभर माझ्या पाठीवर होता.

तिथून उएनोकडे वळा. आशियातली पहिली भुयारी रेल्वे १९२७ साली याच असाकुसा-उएनो टप्प्यावर सुरू झाली, २.२ किलोमीटर. ती खालून धावते, तुम्ही वरून चला, कारण वाटेत काप्पाबाशी लागतं. हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांचा बाजार. दुकानाच्या काचेत मांडायची प्लास्टिकची नूडल्स, भजी, बियरचे फेसाळते ग्लास इथेच मिळतात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेवढं बघा. आईने एक छोटी सुरी घेतली. दुकानदाराने कागदात अशी गुंडाळली की आपल्याकडे पैठणीचीही इतकी बडदास्त होत नाही. (परतताना ती चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या नको.)

शाकाहारी असाल तर जेवण हीच खरी परीक्षा. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. उएनोजवळच्या ओकाचिमाचीत रत्नांच्या व्यापारातले भारतीय पुष्कळ, म्हणून तिथे शाकाहारी थाळी मिळते. नाहीतर कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानातून उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भाताचा गोळा घ्या. कचरापेट्या मात्र शोधूनही सापडत नाहीत. एक रिकामी पिशवी जवळ ठेवाच.

उएनो बागेतली संग्रहालयं आम्ही सोडली. सोमवारी ती बहुधा बंदच असतात. शिनोबाझु तळ्यापाशी मात्र तासभर गेला. मधल्या बेटावर बेंतेनचं देऊळ आहे. बेंतेन म्हणजे सरस्वती, वीणेच्या जागी बिवा वाद्य. अंगणात चष्म्यांचं स्मारक, फुगु या विषारी माशांचं स्मारक आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांचंही स्मारक आहे. मी आईला हे सांगितल्यावर तिने पिशवीतून सुरीचं पुडकं काढलं आणि त्या दगडाला टेकवलं. “खंडेनवमी आणि सरस्वतीपूजन एकदमच झालं,” म्हणाली.

पुढे नेझु देऊळ, १७०६ सालचं, लाल कमानींची रांग असलेलं. ते बघून यानाका. १९२३चा भूकंप आणि युद्धातले बॉम्ब यांतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अजून अरुंद, दारात कुंड्या, सायकली, एखादं मांजर. नोव्हेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, तेव्हा यानाका गिंझा या बाजाराच्या गल्लीशी असलेल्या पायऱ्यांवर चारच्या सुमारास पोचा. त्या पायऱ्यांचं नावच मावळतीवरून पडलंय. आई तिथे बसली ती अर्धा तास उठली नाही. निप्पोरी स्टेशन पाच मिनिटांवर आहे.

नवे बूट घालून जाऊ नका. मी घातले होते.

रात्री हॉटेलच्या खोलीत आईने नवी सुरी काढून मुळ्याच्या चकत्या केल्या. मेतकूट तिने पुण्याहूनच आणलं होतं.