जुनं घर घेताय? आधी विम्याचं बघा

इसार देण्याआधीच विमा कंपनीकडून लेखी कोटेशन घ्या. खरेदीखत झाल्यावर नकार आला तर हात चोळत बसाल. छप्पर किती जुनं हे ते विचारू शकतात, पण खरी मेख वायरिंगमध्ये. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला एखादा बोर्ड उघडायला लावा. वायरीवर कापडी वेष्टण किंवा हात लावताच भुगा होणारं रबर दिसलं, तर नव्या वायरिंगचा खर्च धरूनच भाव करा. नळाची धार बारीक? जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजले असतील.

विम्याची रक्कम बाजारभावावर नको, पुनर्बांधणीच्या खर्चावर ठरवा. 100च्या जागी 60चा विमा काढलात, तर काही पॉलिसींत 10च्या नुकसानीला 6च मिळतात. आणि जुनी गळती फॉर्ममध्ये लपवू नका, दावा तिथेच अडतो.