लंडनला निघण्यापूर्वी आधारगटाचे नियम ठरवा

परळच्या रुग्णालयातले काम सोडून तुम्ही इंग्लंडमध्ये मनोरुग्णांसाठी चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती, म्हणून काम करू पाहता, आणि मुंबईतल्या सहकाऱ्यांचा ऑनलाइन आधारगट तिथून चालू ठेवता येईल का, असे विचारता. मी दादरहून इथे लंडनला येऊन हेच काम करते. गट अवश्य चालू ठेवा, मात्र त्यात काय बोलायचे नाही हे निघण्यापूर्वीच ठरवा.

नोकरीचे थोडक्यात सांगते. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, हे पद पगारी असते. यूके बोर्ड ऑफ हेल्थकेअर चॅप्लिन्सी या मंडळाच्या चॅप्लिनांच्या नोंदवहीला २०१७ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. नोंदणी ऐच्छिक असली तरी तिचे निकष आधीच वाचून ठेवा.

मुंबईच्या गटाची खरी गरज वेगळ्याच ठिकाणी भासते. एखाद्या आजीने ‘विठ्ठल माझ्याशी बोलतो’ असे सांगितले, तर ती तिची आयुष्यभराची भक्ती आहे की आजाराने घेतलेले नवे वळण, हे ठरवताना इथला सहकारी वॉर्डची पद्धत समजावतो, पण अभंगांत वाढलेल्या माणसाचे बोलणे कसे असते हे मुंबईचाच सहकारी ओळखतो. (रोगनिदान अर्थातच डॉक्टरांचे काम, तिथे आपण लुडबुड करायची नाही. रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्स या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेत मात्र अध्यात्म आणि मनोविकार यांवर विचार करणारा गट १९९९ पासून आहे.)

नेमकी इथेच गोपनीयतेची अडचण येते. नाव गाळले म्हणजे रुग्णाची ओळख लपली, असे मराठी माणसांच्या बाबतीत मानता येत नाही, कारण लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे आणि इथल्या आजीची भाची तुमच्याच गटातल्या कोणाची तरी शेजारीण निघू शकते. म्हणून रुग्णाची हकीगत व्हॉट्सअॅपवर लिहू नका. गटात स्वतःला आलेला थकवा, संताप, असहायता मांडा, आणि रुग्णाविषयीचा प्रश्न इथल्या पर्यवेक्षकाकडे न्या. सहकाऱ्यांचा आधार हा पर्यवेक्षणाला पर्याय नव्हे. आणि कोणाच्या जिवाला धोका वाटला तर तो प्रश्न गटाच्या बैठकीपर्यंत थांबवायचा नसतो, त्याच क्षणी वॉर्डच्या चमूला सांगायचा असतो.

वेळेचा हिशेबही करा. उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचे अंतर असल्याने इथल्या संध्याकाळी सातला मुंबईत रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा वाजलेले असतात. रविवारी प्रार्थना असतात, त्यामुळे शनिवारी इथले सकाळचे दहा सोयीचे पडतात. तेव्हा तुमच्याकडे दुपार असते आणि लोक जेवून निवांत बसलेले असतात.