कॅनडाला वडिलांकडे जाण्याआधी कोर्टाची नक्कल काढा

प्रश्न : माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होते. चार वर्षांपूर्वी कॅनडाला गेले, आता त्यांना पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालाय. मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, येत्या मार्चमध्ये एकवीस पूर्ण होईल. गेल्या ३१ डिसेंबरला गंगापूर रोडच्या नाकाबंदीत तो ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडला. कोर्टात दंड भरून विषय मिटवला. एजंट म्हणतो, फॉर्मवर ते लिहूच नका. आणि शिकतोय तोवर पंचविशीपर्यंत वडिलांमार्फत जाता येतं. कॉलेज सोडून आताच तयारीला लागावं का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

ताई, आधी वयाचं सांगतो, कारण तिथे एजंटाने तुम्हाला जुना नियम ऐकवलाय. पूर्णवेळ शिकणाऱ्या मोठ्या मुलांना असलेली सवलत कॅनडाने २०१४ मध्ये काढून टाकली. ऑक्टोबर २०१७ पासून मर्यादा सरळ आहे : मुलगा २२ वर्षांच्या आतला आणि अविवाहित हवा. शारीरिक वा मानसिक कारणाने आईवडिलांवरच अवलंबून असेल तरच त्यापुढे सूट मिळते. वय धरतात ते पूर्ण भरलेला अर्ज त्यांच्याकडे पोचल्या दिवशीचं. म्हणजे तुमच्या हातात येत्या मार्चपर्यंतचा नाही, त्याच्या पुढच्या, तो बावीस पूर्ण करेल त्या मार्चपर्यंतचा वेळ आहे. मिस्टरांना एक विचारा : पीआरच्या अर्जात तुम्हा दोघांची नावं कुटुंबात लिहिली होती ना, मेडिकल झालं होतं ना? तेव्हा न दाखवलेल्या माणसाला नंतर बोलावताना फार त्रास होतो.

आता दंडाचं. ट्रॅफिकचं चलन वेगळं आणि दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वेगळं. त्याची केस कोर्टात जाते, आणि गुन्हा कबूल करून दंड भरला की कागदावर ती शिक्षाच ठरते. आपल्याकडे पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, म्हणून आपण ते किरकोळ समजतो. कॅनडा मात्र इथली शिक्षा बघत नाही. तोच गुन्हा तिथे केला असता तर जास्तीत जास्त काय झालं असतं, ते बघतो. डिसेंबर २०१८ पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं आहे, त्यामुळे हा ‘गंभीर गुन्हा’ या गटात बसू शकतो. तसं झालं, तर प्रवेश अडतो, आणि ‘रिहॅबिलिटेशन’चा, म्हणजे जुना गुन्हा आता आड आणू नका असा अर्ज शिक्षा पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांनीच करता येतो. तोवर बाविशी केव्हाच उलटलेली असेल.

पण घाबरून जाऊ नका, इथेच एक आकडा महत्त्वाचा आहे. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की केस होते. कॅनडाची मर्यादा ८० आहे. ब्रेथ अॅनालायझरवर त्याचा आकडा ४५ आला होता की ११०, यावर बरंच अवलंबून आहे. आकडा कमी असला तरी गाडीवर ताबा नव्हता, असा शेरा पोलिसांनी मारला असेल तर प्रश्न उरतोच. म्हणून नुसत्या पावतीवर थांबू नका. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात नकलेसाठी अर्ज करा आणि आरोपपत्र, रीडिंग, निकाल, दंडाची पावती अशा सगळ्यांच्या प्रमाणित प्रती काढा. लायसन्स किती दिवस निलंबित होतं तेही बघा.

‘लिहूच नका’ हा सल्ला मात्र आजच विसरा. फॉर्ममध्ये कुठल्याही देशात शिक्षा झाली का, केस चालू आहे का, हे थेट विचारतात. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखला, कोरं आलं म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होत नाही. लपवलेलं सापडलं तर पाच वर्षांची बंदी, आणि ती ४५ मिलिग्रॅमवाल्या मुलालाही लागते! मला विचाराल तर या प्रकरणातली खरी जोखीम दारूची नाही, या सल्ल्याची आहे.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. तुमचा आणि त्याचा अर्ज एकत्र केलात आणि तो अपात्र ठरला, तर सोबत तुम्हीही अडकू शकता. फाइल एक करायची की दोन, हे आधी विचारून घ्या. आणि तेही कॅनडाच्या वकिलाला किंवा परवानाधारक सल्लागाराला. सल्लागारांची यादी ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’च्या संकेतस्थळावर आहे. आपल्या नाशकातल्या कॅनडा कॉर्नर भागात ऑफिस आहे, एवढी पात्रता पुरत नाही.

कॉलेज अजिबात सोडायचं नाही. त्या अर्जासाठी वेगळी ‘तयारी’ अशी काही नसते, आणि स्टुडंट व्हिसाने जाऊ म्हटलं तरी तिथेही हाच प्रश्न विचारतात. मार्ग मोकळा झाला तर डिग्री पूर्ण करून गेलेला मुलगा तिथे वेल्डिंगपासून क्वालिटीपर्यंत कुठेही लवकर रुळेल. नाही झाला, तर डिग्री आणि सातपूर-अंबडमधला दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन, रिहॅबिलिटेशनचा अर्ज करून, तो पुढे स्वतःच्या गुणांवर पीआरसाठी प्रयत्न करू शकतो. नक्कल हातात आली की त्यालाच घेऊन या. त्या रात्री काय झालं हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, कारण फॉर्मवर सही त्याची असणार आहे.