केमोनंतरचे दोन दिवस आणि दुसरा आठवडा

प्रश्न : सासूबाईंना (वय ६२) स्तनाच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. त्यांनी स्वतःच ताट-वाटी वेगळी काढली आणि दोन वर्षांच्या नातवाला जवळ घेणं बंद केलं. घरात संडास एकच. एवढं पाळावं लागतं का?
– एक सून, सातारा

उत्तर : ताट-वाटी पुन्हा मांडणीवर लावा. कॅन्सर संसर्गाने होत नाही आणि जवळ घेतल्याने नातवाला औषधाचा त्रास होत नाही.

सोवळं पाळायचंच तर ते संडासात पाळा. सलाईनमधून गेलेलं औषध पुढे साधारण ४८ तास लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतं. तेवढे दोन दिवस कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचं. भारतीय बैठकीचा संडास असेल तर बादली उंचावरून उपडी करू नका, शिंतोडे उडतात. मगाने कडेकडेने भरपूर पाणी सोडा, दोन वेळा. उलटीसाठी टमरेल किंवा टोप वेगळा असू द्या आणि तो धुताना हातमोजे घाला. खराब झालेली चादर, परकर घरच्या कपड्यांत न मिसळता दोनदा धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्याकडे हे काम नको. डॉक्सोरुबिसिन चालू असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषध मुळातच लाल असतं, त्यामुळे घाबरू नका. त्यानंतरही लाली राहिली किंवा जळजळ झाली तर डॉक्टरांना कळवा.

खरं म्हणजे नातवापेक्षा आजीलाच जास्त जपायला हवं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या आठवड्यात नातवाचं नाक वाहत असेल तर तेवढ्यापुरतं त्याला लांब ठेवा. पोलिओच्या तोंडावाटे देतात त्या थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. म्हणून डोस द्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना आजीच्या केमोबद्दल सांगा आणि त्याची शी-शू आजींकडे देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप एकदा जरी दिसला, तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघा. ‘आत्ता पॅरासिटामॉल देऊ, सकाळी बघू’ ही या दिवसांतली सर्वांत महागात पडणारी चूक. गोळीने आकडा उतरतो, संसर्ग मात्र रक्तात पसरत राहतो. पेशी कमी असताना पू किंवा सूज दिसेलच असं नाही, बरेचदा ताप हीच एकमेव खूण असते. चहा घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मोजा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, हेही लक्षात असू द्या. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली’ हेच हवं. फाईल दाराजवळच ठेवा.

प्रश्न : वडिलांना आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सॅलिप्लाटिन देतात. फोडणीच्या वासानेच त्यांना मळमळतं, म्हणून फ्रिजमधलं गार ताक दिलं, तर घसा आवळल्यासारखा झाला. काय चुकलं?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : मळमळीवर गार खाणं हा सल्ला एरवी चांगला, पण या औषधात नाही. ऑक्सॅलिप्लाटिनने नसा थंडीला चटकन बिचकतात. सलाईननंतर निदान पाच दिवस फ्रिजचं आणि माठाचंही पाणी नको, कोमट द्या. फ्रिजमध्ये हात घालताना हातमोजे हवेत, नाहीतर बोटांना मुंग्या येतात. घसा आवळला तर कोमट पाण्याचे घोट घेतल्यावर सहसा सुटतो. धाप, अंगावर पुरळ किंवा ओठांना सूज असेल तर मात्र ती ॲलर्जी असू शकते, लगेच हॉस्पिटल गाठा.

वासाचं म्हणाल तर पदार्थ गरम असला की वास जास्त येतो. मऊ भात, मेतकूट, थोडं तूप हे वाफ गेल्यावर, घरच्या तापमानाला द्या. फोडणी ते फिरायला गेले असताना उरकून घ्या. उलटीची गोळी लिहून दिली असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास द्यायची का, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बरेचदा बाहेरच पडते.