अणुशक्तीवर चालणारं रॉकेट शक्य आहे का? मग मंगळासाठी नासा ते का वापरत नाही?

शक्य आहे का, याचं उत्तर साठच्या दशकातच मिळालंय. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात जॅकास फ्लॅट्स इथे १९६९ साली 'नर्व्हा' या अणुरॉकेट प्रकल्पातलं एक्सई इंजिन २८ वेळा सुरू करून दाखवलं. त्याआधी १९६७ मध्ये याच मालिकेतली एक अणुभट्टी सलग तासभर पूर्ण शक्तीने चालली होती. हा इतिहास इतका कमी लोकांना माहीत आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या इंजिनात काहीच जळत नाही. युरेनियमच्या विखंडनाने (म्हणजे अणू फुटल्याने) अणुभट्टी तापते, तिच्यातल्या बारीक छिद्रांमधून हायड्रोजन सोडतात, तो दोन हजार अंशांच्या वर तापतो आणि नॉझलमधून सुसाट बाहेर पडतो. खरं तर हायड्रोजन-ऑक्सिजन जाळणाऱ्या साध्या इंजिनात तापमान याहून जास्त असतं! फायदा होतो तो हलक्या रेणूमुळे. तिथे मुख्यतः पाण्याची वाफ बाहेर पडते, रेणुभार १८. इथे नुसता हायड्रोजन, रेणुभार २. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटरवरून ८ किलोमीटरच्या पुढे जातो.

याचा अर्थ आकड्यांत बघा. कक्षेतल्या १०० टनांच्या यानाचा वेग सेकंदाला ६ किलोमीटरने वाढवायचा आहे. रासायनिक इंजिनाला सुमारे ७४ टन इंधन लागेल, अणुइंजिनाला साधारण ५२ टन हायड्रोजन. म्हणजे उरतात २६ टनांऐवजी ४८ टन. पण द्रवरूप हायड्रोजन फार विरळ, घनमीटरला जेमतेम ७० किलो. ते ५२ टन ठेवायला सुमारे ७४० घनमीटरची टाकी हवी, तर रासायनिक इंधनाला दोनशेच्या आसपास घनमीटर पुरतात. शिवाय हायड्रोजन उणे २५३ अंशाला उकळतो, त्यामुळे मंगळाच्या प्रवासात तो महिनोन् महिने उडून न जाऊ देणं हे वेगळंच काम. वाचलेल्या वजनातला बराच भाग टाकी, भट्टी आणि किरणोत्सारापासूनचं संरक्षण यांतच जातो. तरीही माणसांच्या मोहिमेसाठी हा सौदा फायद्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग थांबलं कुठे? तांत्रिक अडचणी होत्या. १९६२ च्या एका चाचणीत हायड्रोजनच्या प्रवाहाने भट्टी थरथरू लागली आणि इंधनाच्या कांड्या फुटून तुकडे नॉझलमधून बाहेर उडाले. कांड्यांमधल्या ग्राफाइटला गरम हायड्रोजन खातो, म्हणून लेप द्यावे लागले. हे सगळं त्या लोकांनी चिकाटीने सोडवत आणलं. पण तोवर सॅटर्न-५ या चंद्रावर माणसं नेणाऱ्या महाकाय रॉकेटचं उत्पादन थांबलं, मंगळाची मोहीम कागदावरूनही गेली, आणि जानेवारी १९७३ मध्ये नर्व्हा गुंडाळलं गेलं. इंजिन होतं, त्याला न्यायला मोहीम नव्हती.

स्फोट झाला तर काय, ही भीती साहजिक आहे. उड्डाण नेहमीच्या रॉकेटने करायचं आणि भट्टी वर कक्षेत गेल्यावरच पेटवायची, अशी योजना असते. न चाललेल्या भट्टीतलं युरेनियम फारसं किरणोत्सारी नसतं. धोका असतो तो चालून झालेल्या भट्टीचा: १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस-९५४ उपग्रह वीज देणाऱ्या भट्टीसह कॅनडात कोसळला, तेव्हा किरणोत्सारी तुकडे दूरवर विखुरले. (चांद्रयान-३ च्या प्रणोदन मॉड्यूलवर भाभा अणुसंशोधन केंद्राची छोटी उष्णता-उपकरणं होती, त्यांचा यात घोळ करू नका. ती किरणोत्सारी क्षयाच्या उबेवर चालतात, त्यांत भट्टी नसते.)

आजचा खरा अडसर मला चाचणीचा वाटतो. साठच्या दशकात इंजिनाचा किरणोत्सारी झोत सरळ आकाशात सोडत. आता तो गोळा करून, गाळून घ्यावा लागेल आणि त्याची व्यवस्था प्रचंड महाग आहे. नासा २०२३ मध्ये ज्यात सामील झाली त्या 'ड्रॅको' या अमेरिकी अणुरॉकेट प्रकल्पात म्हणूनच भट्टी पहिल्यांदा अंतराळातच चालवून बघायचं ठरलं होतं. २०२५ मध्ये तोही रद्द झाला. प्रक्षेपणं स्वस्त होत चालल्यामुळे एवढा खर्च परवडत नाही, हे एक कारण दिलं गेलं. मला हा हिशेब पटत नाही. माझ्या हातात असतं तर मी नवीन इंजिन जाहीर करण्याआधी झोत अडवणारं एक चाचणीस्थळ बांधायला पैसे दिले असते.