किल्ल्यातली खोली आणि 23 डिसेंबर

प्रश्न : लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून डिसेंबर 2024 मध्ये आम्ही दोघं जैसलमेरला गेलो. तिथल्या एजंटाने किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात तीन रात्री आणि जवळच्या सम गावच्या वाळूत तंबूत एक रात्र, असे 72 हजार घेतले; 50 हजार यूपीआयने, 22 हजार रोख, रोख रकमेची पावती नाही. 23 तारखेला पोहोचलो, तर स्टेशनजवळच्या लॉजवर नेलं. 'फरकाचे पैसे परत देतो' असं तो व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत राहिला, आता फोन उचलत नाही. पावतीवर 'वाद फक्त जैसलमेर न्यायालयात' असं छापलंय. आधी वकिलाची नोटीस पाठवावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नोटिशीचं नंतर पाहू. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट एकच, 23 तारीख. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. लॉजची किल्ली हातात पडली त्या रात्री ते कारण घडलं. म्हणजे तुमची मुदत 23 डिसेंबर 2026 ला संपते.

'पण तो देतो म्हणत होता ना!' अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. समोरच्याच्या गोड बोलण्याने मुदत सहसा लांबत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, केलेल्या फोननेही नाही, आणि वकिलाच्या नोटिशीनेही नाही. नोटीस या कायद्यात सक्तीची नाहीच. तिच्या उत्तराची वाट पाहण्यात महिना गेला, तर तुमचाच गेला. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला, म्हणजे अशा तक्रारींचा निकाल देणाऱ्या यंत्रणेला, आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. 'विश्वास ठेवला' हे कारण मी तरी पुढे करणार नाही.

जैसलमेरला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, हे कलम 34 मध्येच आहे. पावतीवर छापलेल्या ओळीला घाबरून तुम्ही इतके दिवस गप्प बसलात, हे वाचून खरं सांगायचं तर चिडच आली.

आता 72 हजारांचं. त्यातले 50 हजार यूपीआयने गेले, ते सिद्ध होतील. उरलेले 22 हजार तुम्ही रोख दिले आणि पावती मागितली नाहीत! चॅटमध्ये त्याने कुठे त्या रकमेचा उल्लेख केला असेल तर शोधा. संभाषण पूर्ण एक्स्पोर्ट करा, मूळ फोन विकू नका, चॅटची प्रत मूळ फोनमधलीच आहे असं सांगणारं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र जोडा. लॉजच्या खोलीचे तारखेसकट फोटो असतील तर उत्तम.

एजंट म्हणेल, किल्ल्यातल्या हॉटेलांच्या सांडपाण्याने पाया खचतोय, म्हणून आम्ही पाहुणे खाली उतरवतो. पाणी मुरतंय हे खरंच आहे. 1156 साली वसवलेल्या त्या किल्ल्यात आजही लोक नांदतात, आणि एवढ्या वापराची सोय त्या बांधणीत नव्हती. पण पैसे घेताना त्याला हे ठाऊक नव्हतं का? त्याने किल्ल्यातली खोली म्हणूनच पैसे घेतले, तेव्हा सेवेतली त्रुटी तीच. तंबूबद्दल मात्र तुमची काही तक्रार दिसत नाही, मग ती रात्र उगाच त्यात ओढू नका.

किती मिळेल? तुम्ही राहिलात, फिरलात, म्हणून सगळी रक्कम परत मिळणं कठीण. खोल्यांच्या दरातला फरक आणि मनस्तापापोटी काही रक्कम, इतकं मागणं वाजवी. आकडा मी सांगणार नाही, तो आयोगागणिक बदलतो. आणि कधी मिळेल? अशा तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत लावावा, असं कायद्यात लिहिलंय. ते वाचून आमच्या बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, हसतात. दोन-तीन वर्षांची तयारी ठेवा.

ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कागदांत त्रुटी निघाली की दुरुस्तीत दिवस जातात. नोटीस पाठवायचीच असेल, तर तक्रारीचा क्रमांक हातात आल्यावर पाठवा आणि तो क्रमांक तिच्या पहिल्याच ओळीत लिहा.